स्टिअरिंगचा प्ले नेमका कुठे असतो?

दिवाळीनंतर बाबांचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "परवा पसरणी घाटात स्टिअरिंग जरा रुसलं होतं." बाबांचा 'जरा' कधीच जरासा नसतो, म्हणून खोदून विचारलं. तर झालं होतं असं: पाचगणीहून वाईकडे उतरताना एका उजव्या वळणावर त्यांनी स्टिअरिंग फिरवलं, वळण संपलं, नेहमीसारखे हात सैल सोडले, आणि स्टिअरिंग परत आलंच नाही. होतं तिथेच बसून राहिलं. गाडी उजवीकडे ओढत निघाली आणि समोरून एसटी वर चढत होती. बाबांनी दोन्ही हातांनी ओढून स्टिअरिंग सरळ केलं. एसटीच्या ड्रायव्हरने जे काही म्हटलं ते बाबांनी मला सांगितलं नाही.

गाडी २००४ सालची मारुती ८००. बाबा शाळेतून निवृत्त झाले तरी ती निवृत्त झालेली नाही. दिवाळीआधी तिची तक्रार नेमकी उलटी होती: स्टिअरिंग ढिलं लागायचं. सरळ रस्त्यावरही सारखं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत राहावं लागायचं. "गाडी लोळते" असं बाबा म्हणत. एका गॅरेजमध्ये दाखवलं. तिथे उभ्या उभ्या खिडकीतून हात घालून स्टिअरिंग हलवून बघितलं, "रॅक गेलाय, काही हजारांचं काम आहे, सध्या टाइट करून देतो" असं सांगितलं आणि दहा मिनिटांत गाडी परत दिली. स्टिअरिंग घट्ट लागायला लागलं. बाबा खूश. पुढच्याच आठवड्यात तो घाट.

मी बाबांना सांगितलं, गाडीला हात लावू नका, शनिवारी येते. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की गेली चार वर्षं मी ज्या गोष्टीवर डोकं फोडतेय ती हीच आहे. मेकॅनिक जिला 'प्ले' म्हणतात तिला आमच्या गणितातही प्लेच म्हणतात.

माझा विषय पूर्वी एकदा इथे लिहिला होता, तरी थोडक्यात सांगते. काही स्फटिक आणि सिरॅमिक असे असतात की त्यांना व्होल्टेज दिलं की ते किंचित लांबतात. यांना पिझो म्हणतात. अणूंच्या पातळीवर पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकात सुई इकडून तिकडे सरकवायचं काम हेच करतात. अडचण अशी की व्होल्टेज वाढवत नेताना ५० व्होल्टला पिझो जिथे असतो, तिथे तो व्होल्टेज कमी करत ५० वर येताना नसतो. हा फरक एकूण सरकण्याच्या १० ते १५ टक्के सहज असतो. म्हणजे पिझो आत्ता कुठे आहे हे कळायला नुसतं व्होल्टेज पुरत नाही, तो तिथे कुठल्या बाजूने आला हेही माहीत लागतं. याला हिस्टेरिसिस म्हणतात.

हे गणितात मांडायची एक फार सुंदर पद्धत आहे. क्रास्नोसेल्स्की आणि पोक्रोव्स्की या रशियन गणितज्ञांनी तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं (मूळ रशियन १९८३, इंग्रजी भाषांतर १९८९). त्यातली सगळ्यात छोटी वीट म्हणजे प्ले. समजायला काडेपेटी घ्या. आतला काड्यांचा ट्रे काढून टाका, बाहेरचं रिकामं कवच टेबलावर आडवं ठेवा आणि आत बोट घाला. बोट उजवीकडे नेलं की आधी काहीच होत नाही. बोट भिंतीला टेकलं की कवच बोटाबरोबर सरकायला लागतं. आता बोट उलट फिरवा. कवच जागच्या जागी थांबतं, बोट मधली मोकळी जागा ओलांडून डाव्या भिंतीला टेकेपर्यंत. झालं, हाच प्ले. दिशा बदलल्याशिवाय तो दिसत नाही. एकाच दिशेने ढकलत राहिलात तर कवच इमानदारीत बोटामागे येतं आणि तुम्हाला वाटतं, सगळं घट्ट आहे.

आता त्या कवचाभोवती एक मोठं कवच ठेवा. आतल्यात ३ मिलिमीटर मोकळीक, आतल्या आणि बाहेरच्याच्या मध्ये ५ मिलिमीटर. बोट उलट फिरवल्यावर बाहेरचं कवच हलायला किती लागेल? ८. एकामागे एक जोडलेल्या प्लेची नुसती बेरीज होते. आणि ती इतकी निर्मळ बेरीज आहे की ३ आणि ५, किंवा ५ आणि ३, किंवा एकच ८, यांतला फरक बोटाला कळूच शकत नाही. कितीही वेळा पुढेमागे करा, हळू करा, जोरात करा. दोन टोकं बघून मधलं वाटप काढता येत नाही. माझ्या प्रबंधात याची सिद्धता अर्ध्या पानाची आहे आणि ती मी सगळ्यात कंटाळवाणी समजत होते.

त्या गॅरेजवाल्यांनी खिडकीतून हात घालून स्टिअरिंग हलवलं आणि रॅक गेलाय म्हणाले. आता तुमच्याही लक्षात आलं असेल. स्टिअरिंग हलवून प्ले किती आहे ते कळतं. कुठे आहे ते त्यातून कळणं शक्यच नाही, मग मेकॅनिक तीस वर्षांचा अनुभवी का असेना.

हातापासून टायरपर्यंत

मारुती ८०० मध्ये, आणि बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये, साखळी अशी आहे. स्टिअरिंगच्या खाली शाफ्ट. शाफ्ट सरळ खाली जात नाही, वाकडा जातो, म्हणून त्यात सांधा असतो, ज्याला मेकॅनिक क्रॉस म्हणतात, आणि तो बोल्टने आवळलेला असतो. शाफ्टच्या टोकाला एक लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन. पिनियन एका दातेरी दांड्याला सरकवतं, तो रॅक. रॅक ज्या नळीत असतो ती नळी रबराच्या बुशांसकट गाडीच्या अंगाला आवळलेली असते. रॅकच्या दोन्ही टोकांना रबरी घडीच्या टोपीत लपलेला एक-एक गोळीचा सांधा (रॅक एन्ड), पुढे टाय रॉड, त्याच्या टोकाला आणखी एक गोळीचा सांधा (टाय रॉड एन्ड), आणि तो चाकाच्या हबला धरून असतो. शिवाय हब स्वतः लोअर आर्मच्या बॉल जॉईंटवर फिरतो आणि चाक बेअरिंगवर. यातल्या प्रत्येक ठिकाणी झीज होऊ शकते. म्हणजे पाच-सहा काडेपेट्या एकात एक.

पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. ही साखळी रॅकपाशी दुभंगते. हातापासून रॅकपर्यंतचा भाग दोन्ही चाकांना सामाईक आहे, रॅकच्या पुढचा प्रत्येक चाकाचा वेगळा. म्हणजे दोन चाकांचा प्ले वेगवेगळा मोजला तर वाटपाबद्दल थोडं तरी कळतं. दोन्ही चाकं सारखीच उशिरा हलत असतील तर दोष बहुधा शाफ्ट, पिनियन किंवा रॅकच्या बुशांत. एक चाक लगेच हलतंय आणि दुसरं उशिरा, तर दोष त्या दुसऱ्या चाकाच्या बाजूला. सामाईक भाग त्यातून सुटला.

आकड्यांचाही अंदाज घेऊ. आमच्या स्टिअरिंगचा व्यास ३८ सेंटीमीटर, म्हणजे परीघ साधारण ११९ सेंटीमीटर. एक पूर्ण फेरी फिरवली की टाय रॉड साधारण ४ सेंटीमीटर सरकतो. म्हणजे खालचा एक मिलिमीटर हातात तीस मिलिमीटर होऊन येतो. या तीसपटीमुळेच खालची इवलीशी फट आपल्याला वर जाणवते, आणि याच तीसपटीमुळे आपण तिला कमी लेखतो. वर तीन-चार बोटांचा प्ले आहे, खाली बघितलं तर सांधा डोळ्याला धडधाकट दिसतो.

छोट्या गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्टिअरिंगच्या कडेवर मोजलेला सुमारे ३० मिलिमीटर प्ले चालतो असं दिलेलं असतं. हा आकडा चाकाशी अर्धा अंश होतो. अर्धा अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण पुढची चाकं अर्ध्या अंशाने वळली आणि तशीच राहिली तर २१७५ मिलिमीटर व्हीलबेसची ही गाडी सुमारे २५० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर जाते, आणि ताशी ६० किलोमीटर वेगाला एका सेकंदात जवळपास अर्धा मीटर बाजूला सरकते. (टायरचं घसरणं मी धरलेलं नाही, ते धरलं तर आकडा थोडा हलेल.) एरवी हे होत नाही, कारण चालत्या गाडीत रस्ताच चाकांना सरळ ओढत असतो. खड्डा लागला, ब्रेक दाबला, ट्रकचा वारा बसला की चाक त्या फटीत भटकून येतं. मग ड्रायव्हर दुरुस्त करायला जातो, आधी फटीतून रिकामा हात फिरतो, काही होत नाही म्हणून तो जास्त फिरवतो, फट संपते, गाडी जास्त वळते, परत उलटं. नियंत्रणशास्त्रात या न थांबणाऱ्या हेलकाव्याला लिमिट सायकल म्हणतात. वाईत त्याला गाडी लोळते म्हणतात.

शनिवार संध्याकाळ

सामान काही विशेष नव्हतं: मोजपट्टी, पांढरी चिकटपट्टी, एक उदबत्तीची काडी आणि माझा प्रेझेंटेशनचा लेझर पॉइंटर. गाडी सपाट अंगणात, चारही चाकं जमिनीवर, पुढची सरळ, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. पॉवर स्टिअरिंग नसल्यामुळे इंजिन बंदच ठेवलं. (पॉवर स्टिअरिंग असेल तर ही तपासणी इंजिन चालू ठेवून करतात, नाहीतर हाताला भलतंच लागतं.) टायरमधली हवा आधी बघून घेतली होती, कारण हवा कमी असेल तर ठणठणीत गाडीसुद्धा लोळते. आणि गाडी सतत एकाच बाजूला ओढत असेल तर ती तक्रार वेगळी आहे, तिचा प्लेशी सहसा संबंध नसतो.

स्टिअरिंगच्या कडेला चिकटपट्टी लावून तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा केल्या. डॅशबोर्डला उदबत्तीची काडी चिकटवली, तो काटा. लेझर पॉइंटर चाकाच्या कॅपवर असा चिकटवला की ठिपका समोर चार मीटरवर कंपाउंडच्या भिंतीवर पडेल. चाक अंशाच्या दहाव्या भागाने जरी वळलं तरी ठिपका सात मिलिमीटर सरकतो. डोळ्यांनी नुसतं चाकाकडे बघत बसण्यापेक्षा हे किती तरी बरं.

आई स्टिअरिंगवर बसली, कारण बाबांना "थोडंसं" फिरवा म्हटलं की ते गिअर टाकल्यासारखं फिरवतात. आई उजवीकडे हळूहळू फिरवत गेली, ठिपका हलला की मी "थांब" म्हणायचं, तिने काड्याखालचा आकडा वाचायचा. मग थोडं पुढे जाऊन उलट डावीकडे, ठिपका परत फिरला की पुन्हा "थांब". दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे त्या चाकाचा प्ले. प्रत्येक चाकाला पाच वेळा. आकडे दोन मिलिमीटरच्या आत एकमेकांशी जुळत होते. आमच्या लॅबमध्ये मला इतके जुळणारे आकडे फार वेळा मिळालेले नाहीत, हे आईला सांगितलं.

उजवं चाक: २४ मिलिमीटर. डावं चाक: ६८.

खरं तर इथेच अर्धं उत्तर मिळालं. सामाईक भागात दोष असता तर तो दोन्हीकडे आला असता. उजवीकडे सगळं मिळून २४, म्हणजे रॅक, पिनियन, शाफ्ट यांची मिळून बेरीज त्याहून जास्त असूच शकत नाही. डावीकडचे वरचे ४४ मिलिमीटर रॅकच्या पुढे, डाव्या बाजूला. तीसने भागलं की साधारण दीड मिलिमीटर. कुठल्या तरी एका सांध्यात दीड मिलिमीटर फट.

आणि ही मापं 'टाइट' केलेल्या स्टिअरिंगची होती.

तो स्क्रू कशासाठी असतो

रॅकच्या नळीला पिनियनच्या समोर एक स्क्रू असतो. आत स्प्रिंग आणि एक ठोकळा, तो रॅकला पिनियनवर हलकेच दाबून धरतो, दात खडखडू नयेत म्हणून. स्क्रू आवळला की दाब वाढतो. बाहेरून एका पान्याने हात पोचतो, नवा पार्ट लागत नाही, गिऱ्हाइकाला लगेच फरक जाणवतो. या तिन्ही कारणांमुळे सगळे आधी तिथेच जातात.

पण त्याने दोन गोष्टी होतात. एक म्हणजे घर्षण वाढतं. स्टिअरिंग जड झालं की हाताला ते घट्ट वाटतं आणि आपण समजतो, प्ले गेला. डाव्या सांध्यातली दीड मिलिमीटरची फट या स्क्रूच्या कुठल्याही फेरीने भरून येणार नव्हती. दुसरी गोष्ट जास्त वाईट. गाडी बराच वेळ सरळ चालते, त्यामुळे रॅकचे मधले दात सगळ्यात जास्त झिजतात आणि कडेचे तसेच शाबूत राहतात. स्टिअरिंग सरळ ठेवून, म्हणजे झिजलेल्या भागावर, स्क्रू घट्ट बसवला की वळणावर न झिजलेले दात पिनियनखाली येतात आणि तिथे तोच स्क्रू फार घट्ट होतो. वळण संपल्यावर चाकं आपोआप सरळ येतात ती चाकांच्या तिरक्या बसणीमुळे आणि टायर-रस्त्याच्या जोरामुळे. तो जोर मोजका असतो. घर्षण त्याच्याहून मोठं झालं की स्टिअरिंग आहे तिथेच राहतं. पसरणी घाटात तेच झालं.

रविवारी सकाळी दुसऱ्या ओळखीच्या मिस्त्रींना घरीच बोलावलं, गाडी त्यांच्यापर्यंतही चालवायची नव्हती. त्यांनी पुढचा भाग जॅकवर उचलून स्टँडवर ठेवला, स्क्रूचा चेकनट सैल केला आणि मॅन्युअलप्रमाणे बसवला: आधी ठरलेल्या जोराने आवळायचा, मग ठरलेला कोन मागे घ्यायचा. हा कोन गाडीगणिक वेगळा असतो, तो अंदाजाने करायचा नसतो. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं, कुठे जड लागत नाही ना. गाडी खाली घेऊन मी परत मोजलं.

उजवं २८, डावं ७२.

म्हणजे त्या टाइट करण्याने बहात्तरपैकी चार मिलिमीटर कमी झाले होते. चार मिलिमीटरसाठी स्टिअरिंगचं परत येणं गेलं. मिस्त्री माझ्या वहीकडे बघत म्हणाले, "ताई, हे आधी कुणी मोजत नाही." मी म्हटलं, काका, मीही पहिल्यांदाच मोजतेय.

आता उरलं नेमका सांधा शोधणं. चाकं जमिनीवरच ठेवून आई पुन्हा स्टिअरिंगवर, यावेळी भराभरा थोडं डावीकडे-उजवीकडे. मी डाव्या चाकाच्या मागून हात घालून टाय रॉड एन्डवर बोटं अशी ठेवली की निम्मी रॉडवर, निम्मी हबच्या हातावर. सांधा ठीक असेल तर दोन्ही एकत्र सरकतात. इथे टकटक लागत होती, रॉड आधी, हब नंतर. मोबाइल खाली धरून स्लो मोशनमध्ये व्हिडिओही घेतला. त्यात तर लहान मुलालाही कळावं इतकं स्पष्ट: रॉड सरकतो, थांबतो, मग चाक निघतं. रॅक एन्डची रबरी टोपी दाबून आतला सांधाही चाचपला, तो शांत होता. (गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली हात-डोकं घालू नका. ही तपासणी चाकं जमिनीवर असतानाच होते, आणि जमिनीचा विरोध असल्यामुळे तेव्हाच चांगली होते.)

मिस्त्रींनी आपली पद्धत वापरली. चाक जॅकवर उचलून घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं: खडखड. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं: काही नाही. बेअरिंग गेलं असतं तर दोन्हीकडे खडखडलं असतं. बारा-सहाला हललं असतं तर ते आईला ब्रेक दाबायला सांगणार होते. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर बेअरिंग, नाही थांबली तर बॉल जॉईंट, कारण ब्रेक चाकाला हबशी बांधून टाकतो आणि बेअरिंग खेळातून बाहेर पडतं. हे ऐकून मला त्यांना आमच्या ग्रुप मीटिंगला घेऊन जावंसं वाटलं. साखळीतली एक कडी तात्पुरती बांधून बेरीज परत मोजायची, इतकं साधं.

टाय रॉड एन्ड काढला. त्याची रबरी टोपी फाटलेली होती, किती दिवसांपासून कोण जाणे. तीन-चारशे रुपयांच्या सांध्यातलं हे पाच रुपयांचं रबर. ते फाटलं की पावसाचं पाणी ग्रीस धुऊन नेतं, धूळ आत जाते, आणि गोळी आपल्या वाटीला खात बसते. पुढची पायरी म्हणजे गोळी वाटीतून निसटते आणि ते चाक स्टिअरिंगला विचारत नाही. नुसतं ढिलं स्टिअरिंग म्हणून जे सोडून दिलं जातं त्यात हेही असतं. जुना सांधा हातात घेऊन हलवला तर टकटक वाजत होता.

बदलताना मिस्त्रींनी ज्या दोन-तीन गोष्टी केल्या त्या लिहून ठेवते. जुना एन्ड टाय रॉडवरून किती फेऱ्यांत सुटला ते मोजलं आणि नवा तितक्याच फेऱ्यांत बसवला, म्हणजे चाकाची दिशा साधारण होती तिथेच राहते. सांध्याचा निमुळता बोल्ट सोडवताना आट्यांवर घाव घातला नाही, पुलर लावला. नटाच्या खाचेत स्प्लिट पिन नवी घातली, आणि खाच भोकाशी जुळत नव्हती तेव्हा नट सैल न करता पुढच्या खाचेपर्यंत आवळला. उजवा एन्डही बदलायचा का असं बाबांनी विचारलं. त्याचं रबर धड होतं, प्ले मापात होता. मिस्त्री म्हणाले, राहू द्या, पावसाळ्यानंतर परत बघू. मला पटलं. नंतर व्हील अलायमेंट करून घेतली, टाय रॉडला हात लावल्यावर ती टाळता येत नाही.

संध्याकाळी परत मोजलं. उजवं २८, डावं ३०.

ज्यांच्याकडे जुनी जीप आहे त्यांच्यासाठी एक ओळ: तिथे रॅकऐवजी स्टिअरिंग बॉक्स असतो, त्याच्यावरही असाच एक स्क्रू आणि चेकनट असतो, आणि मोह तोच असतो. सांधे तिथे आणखी जास्त, म्हणजे बेरीज आणखी लांब. स्क्रूला हात लावण्याआधी सगळ्या सांध्यांवरून बोटं फिरवून घ्या.

सोमवारी पहाटे पुण्याला निघायच्या आधी बाबांबरोबर गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात एक चक्कर मारली. हळू वेगात गोल वळवायचं, मग हात सैल सोडायचे. स्टिअरिंग दोन्ही बाजूंनी स्वतःहून सरळ आलं. बाबांनी पाच-सहा वेळा करून बघितलं, मग सरळ रस्त्याला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "हलकं लागतंय गं फार. ढिलं तर नाही ना राहिलं?"

मी वही काढली.